पोरं पळवणारी टोळी : ही गोष्ट कोण सांगतं आणि कुणाबद्दल सांगतं?

करवंद | सोमवार, रात्री ९:१५

१ जुलै २०१८. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जमावाने पाच माणसांना ठेचून मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षुकीसाठी गावोगाव फिरणारे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातलं कुणी एका लहान मुलीशी बोललं, एवढ्यावरून 'पोरं पळवणारे आले' अशी ओरड झाली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारलं गेलं.

त्यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. सगळा रोख मोबाइलवर होता आणि तो चुकीचा नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पण मी लोकसाहित्याची विद्यार्थिनी आहे. मला राहून राहून वाटतं, की गोष्ट वाहून नेणाऱ्या यंत्रावर आपण इतकं बोललो, की खुद्द गोष्टीकडे बघायचं राहून गेलं. ही गोष्ट मोबाइलने जन्माला घातलेली नाही.

मुंबईचंच घ्या. १८९६ साली प्लेग आला तेव्हा वस्त्यांमध्ये पक्कं बसलं होतं, की इस्पितळात नेलेल्या माणसाला उलटं टांगतात आणि त्याच्या डोक्यातून तेल काढतात. त्या तेलाला मोमियाई म्हणत. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, चालून गेला. आता या गोष्टीत गोऱ्या डॉक्टरच्या जागी 'टोळी' घाला आणि तेलाच्या जागी किडनी. आपल्या ग्रुपवर येणारा मेसेज तयार झाला. लॅटिन अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेमकी हीच गोष्ट पसरली होती, श्रीमंत देशांतले लोक अवयवांसाठी आमची पोरं नेतात म्हणून. १९९४ साली ग्वाटेमालात त्यापायी एका अमेरिकन पर्यटक बाईला जमावाने मरणाच्या दारात पोचवलं.

दुसरा धागा पुलाचा. मोठं बांधकाम बळी मागतं, ही समजूत आपल्याकडे सर्वदूर आहे. सुनेला तळ्याला वाहिल्याची कानडी गाणी आहेत. 'धरणाच्या पायात पोरं गाडली' हे तर अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकलं असेल. जुलै २०१९ मध्ये बांगलादेशात उठलं, की पद्मा नदीवरच्या पुलाला माणसांची मुंडकी लागतात आणि त्यासाठी पोरं पळवताहेत. ढाक्यात आपल्या लेकराच्या प्रवेशाची चौकशी करायला शाळेत गेलेल्या एका आईला लोकांनी शाळेच्या आवारातच मारून टाकलं.

आणि हे फक्त आपल्याकडे, गरीब-अडाण्यांत, असं वाटत असेल तर फ्रान्सकडे बघा. मे १९६९, ऑर्लेआँ शहर. तयार कपड्यांच्या काही दुकानांत कपडे घालून बघायच्या खोलीत मुलींना गुंगीचं इंजेक्शन देतात, भुयारातून पळवतात आणि परदेशात विकतात, अशी कुजबुज सुरू झाली. दुकानं ज्यूंची होती. पोलिसांकडे एकही मुलगी हरवल्याची तक्रार नव्हती. तरी दुकानांसमोर गर्दी जमली. लोक म्हणायला लागले, तक्रार नाही म्हणजे पोलीसही विकले गेलेत! समाजशास्त्रज्ञ एडगर मोरॅन आपले सहकारी घेऊन तिथे गेले, लोकांशी बोलले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. ज्यूंना मारून टाकणारी राजवट जाऊन तेव्हा पंचवीस वर्षंच झाली होती. संशय कुठेही गेलेला नव्हता. त्याला एक नवी गोष्ट मिळाली, इतकंच.

अशा गोष्टींच्या अभ्यासाला जगात आता बऱ्यापैकी बैठक आहे. १९८२ पासून इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात यावर परिषदा भरू लागल्या आणि १९८८ मध्ये समकालीन दंतकथांच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. आपल्याकडे दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी लोकसाहित्याचं अफाट काम करून ठेवलंय. पण विद्यापीठांत अजूनही लोकसाहित्य म्हटलं की ओवी, भारूड, विधिनाट्य. एसटी स्टँडवर, स्टाफरूममध्ये, फॅमिली ग्रुपवर रोज जे सांगितलं जातं, त्याला कुणी वहीत जागा देत नाही. मला ती द्यायची आहे.

तुम्ही ऐकलेली अशी गोष्ट इथे लिहा. सुधारून नको, ऐकली तशी. कुणी सांगितली (नाव नको, नातं सांगा), कुठे, साधारण कधी, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोण काय म्हणालं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. हंगेरीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिकवलेल्या लिंडा डेघ या अभ्यासिकेने आयुष्यभर सांगितलं, की दंतकथा एकटा माणूस सांगतच नाही. कुणी 'छे, काहीतरीच' म्हणतो, कुणी 'नाही हो, आमच्याकडे पण झालं' म्हणतो आणि त्या वादातच ती घडते. तो वाद मला हवाय.

---

घाटवळण | सोमवार, रात्री १०:०२

छान विषय. कशेडी घाटातली पांढऱ्या साडीतली बाई चालेल का? मी पंधरा वर्षांचा असताना आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांनी सांगितलेली. त्यांच्या ओळखीच्या ट्रकवाल्याने पावसात एका बाईला गाडीत घेतलं. ती बोलेना. पोलादपूर आलं तसं मागे वळून बघतो तर सीट ओली आणि बाई नाही. पुढे चहाच्या टपरीवर कळलं, की त्या वळणावर अमुक साली एसटीला अपघात झाला होता. ऐकताना माझी आई म्हणाली, "असलं रात्री सांगू नका", आणि मामा म्हणाला, "अहो, ही तर आम्ही कसाऱ्याची म्हणून ऐकलीय."

---

करवंद | सोमवार, रात्री १०:३०

घाटवळण, तुमच्या मामांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियात बिअर्डस्ली आणि हँकी या दोन अभ्यासकांनी हीच गोष्ट गोळा केली, तिचे ७९ पाठ, म्हणजे सांगण्याचे वेगवेगळे नमुने, मिळाले. रस्ता वेगळा, गाव वेगळं. पण गाडीत बसलेली मुलगी नाहीशी होते आणि पुढे कळतं की ती कधीच मेलेली आहे. १९८१ मध्ये लोकसाहित्याचे अमेरिकन अभ्यासक यान हॅरोल्ड ब्रुनवांड यांच्या पुस्तकामुळे ही गोष्ट जगभर माहीत झाली.

तुमच्या पाठात 'ओळखीचा ट्रकवाला' आहे. सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलं कधीच नसतं आणि पाहणारा फार लांबचाही नसतो. ओळखीच्याचा ओळखीचा. तिथपर्यंत जाऊन विचारावं असं कुणाला वाटत नाही, आणि अविश्वास दाखवला तर समोरच्याचा अपमान होतो. पोरं पळवणाऱ्यांच्या मेसेजमध्ये 'माझ्या मित्राच्या बहिणीच्या शेजारी' असतं ते याचसाठी. पण कशेडीच्या बाईमुळे कुणाचा जीव जात नाही. ती मेलेली आहे, तिला कुणी मारू शकत नाही. दुसऱ्या गोष्टीतला माणूस जिवंत असतो आणि दारात येतो.

---

शंकासूर | मंगळवार, सकाळी ७:५०

विषय गंभीर आहे म्हणून स्पष्ट बोलतो. तुम्ही सगळं 'दंतकथा' या खात्यावर टाकताय. पण मुलं हरवतात हे खरं आहे. निठारी आठवा. २००६ च्या डिसेंबरात नोएडातल्या त्या घरामागच्या नाल्यात सांगाडे सापडले, त्याआधी किती तरी महिने गरीब आईबाप पोर हरवलं म्हणून ठाण्यात खेटे घालत होते आणि त्यांना हाकलून लावत होते. त्या आयांना कुणी 'ही समकालीन दंतकथा आहे' असं सांगितलं असतं तर? भीतीला आधार असतो. शिकलेल्या माणसाने गरिबाच्या भीतीला गोष्ट म्हणणं मला पटत नाही.

---

करवंद | मंगळवार, सकाळी ९:१०

शंकासूर, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. दंतकथा म्हणजे खोटं, असं अभ्यासक म्हणत नाहीत. अशा गोष्टी कधी खऱ्याही निघतात, कधी अर्ध्या खऱ्या. निठारीच्या आयांनी गोष्ट सांगितली नव्हती, तक्रार दिली होती. नाव, वय, कपडे, कधीपासून दिसत नाही, सगळं. टोळीच्या मेसेजमध्ये यातलं काहीच नसतं. मुलाचं नाव नाही, आईबापाचं नाव नाही, ठाणं नाही. हरवलेलं मूल त्या गोष्टीत नसतंच, पळवणारा मात्र चेहऱ्यामोहऱ्यासकट असतो.

पण तुमचा मुद्दा आणखी खोल आहे आणि तो मला मान्य आहे. शिबुतानी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं, की अधिकृत बातमी मिळत नाही किंवा तिच्यावर विश्वास उरत नाही, तेव्हा लोक एकत्र बसून स्वतः बातमी तयार करतात. ठाण्यात तक्रार घेत नाहीत हा अनुभव ज्या वस्तीला आहे, तिथे 'आपणच बघून घेऊ' हे वाक्य आधीपासून तयार असतं. ही भीती खोटी नाही. ती कुणाच्या अंगावर जाऊन पडते, तो प्रश्न आहे.

---

न्यूजर्सीकर | मंगळवार, दुपारी १२:२५

इकडच्या भीतीची भर घालते. दर ऑक्टोबरात आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर चालू होतं : हॅलोविनला मुलं दारोदार फिरून गोळ्या-चॉकलेटं आणतात त्यात कुणी तरी ब्लेड, सुई, विष घालतं, सगळं तपासून द्या. मी पण टॉर्च लावून पुडकी बघायचे. समाजशास्त्रज्ञ ज्योएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासल्या आणि अनोळखी माणसाने असं देऊन मूल मारल्याची एकही सिद्ध झालेली घटना त्यांना सापडली नाही. १९८५ मध्ये त्यांचा सहकाऱ्याबरोबरचा लेख आला, तेव्हापासून ते दर वर्षी हेच सांगत आलेत.

एक मूल मात्र खरंच मेलं होतं, १९७४ मध्ये टेक्सासात, हॅलोविनच्या खाऊतल्या सायनाइडने. ते त्याच्या बापाने दिलं होतं. विम्याच्या पैशासाठी. त्याला वाटलं, संशय कुणा तरी अनोळखीवरच जाईल.

---

करवंद | मंगळवार, दुपारी १:०५

ताई, हे उदाहरण मी वर्गात नेहमी सांगते, कारण गोष्ट आणि कृती यांचा संबंध त्यात उघडा पडतो. डेघ आणि त्यांचे सहलेखक वाझोन्यी यांनी १९८३ च्या लेखात दाखवलं, की दंतकथा नुसती सांगितली जात नाही, ती करूनही दाखवली जाते. कुणी तिच्या आडोशाने गुन्हा करतो, जसा त्या बापाने केला. कुणी साध्या प्रसंगाला त्या गोष्टीच्या चौकटीत बसवतो. राईनपाड्यात काय झालं? एक माणूस एका मुलीशी बोलला. भिक्षुकीला आलेला माणूस लेकराशी बोलतोच. पण बघणाऱ्यांच्या मनात गोष्ट आधीच पाठ होती. म्हणून त्यांना बोलणं दिसलं नाही, गोष्टीतला पहिला प्रवेश दिसला. शेवट काय असतो ते त्यांना माहीत होतं आणि तो व्हायच्या आत त्यांनी 'थांबवलं'.

---

सातपुडा | मंगळवार, रात्री ८:४०

मी धुळे जिल्ह्यातलाच. गावाचं नाव लिहीत नाही.

त्या मे-जूनमध्ये आमच्याकडे काय वातावरण होतं ते सांगतो. रात्री पोरं काठ्या घेऊन गस्तीला. दिवसा बायका लेकरांना घेऊन एका ओट्यावर बसायच्या. भंगारवाला, फुगेवाला, गोधड्या शिवणाऱ्या बाया, कुणी फिरकलं की दहा जण भोवती. व्हिडिओ होता तो मी पण बघितलेला : मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणारं पोरगं उचलून नेतात. नंतर कळलं तो कराचीचा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढा भाग कुणी तरी कापला.

पण खरं सांगू का, त्या व्हिडिओच्या आधीपासून भीती होती. व्हिडिओ आला तेव्हा लोक म्हणाले, "बघा, सांगत नव्हतो?" माझी चुलती म्हणालेली, "एवढं सगळे म्हणतात म्हणजे काही तरी असेलच." तिला एक जण म्हणाला, "मावशे, आपल्या गावातलं कुणाचं पोर गेलं सांग." ती म्हणाली, "गेल्यावर बोलून काय उपयोग?" यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

---

करवंद | मंगळवार, रात्री ९:३०

सातपुडा दादा, तुमच्या चुलतीच्या त्या वाक्यात या गोष्टीची सगळी ताकद आहे. पुरावा मागणारा माणूस लेकरांबद्दल बेफिकीर ठरतो. मग पुरावा कोण मागणार?

भीती व्हिडिओच्या आधीपासून होती, असं तुम्ही म्हणालात. यावर आपल्याच देशातलं एक जुनं काम आहे, ते आपल्याकडेच फारसं कुणी वाचत नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी पाटणा भागातल्या अफवा टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यावर लेख छापला. चंद्रग्रहणाच्या दिवशी आणखी मोठा भूकंप होणार, नेपाळ सरहद्दीवरून मधुबनीकडे पूर येतोय, अशा त्या अफवा. लोक आधीच हादरलेले होते, मग त्यांनी स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवाव्यात? पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरडी कोसळल्यावर तसाच अभ्यास केला (लेख १९५२). तिथे लोकांनी माणसं मेलेली, घरं गेलेली डोळ्यांनी पाहिली होती आणि अशा भडक अफवा मात्र जवळपास नव्हत्याच.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये या दोन भारतीय अभ्यासांवरून उलगडा केला. प्रसादांच्या नोंदी ज्या भागातल्या, तिथे जमीन हलली होती पण डोळ्यांसमोर पडझड नव्हती. पोटात भीती आणि बाहेर बघावं तर सगळं जागच्या जागी, हे माणसाला सोसवत नाही. मग तो त्या भीतीला साजेसं संकट शोधतो. अफवा भीती निर्माण करते असं आपण धरून चालतो. इथे भीती आधी आहे आणि ती गोष्ट शोधत फिरतेय.

म्हणून मला वाटतं, 'व्हिडिओ कराचीचा आहे' एवढं सांगून भागत नाही. सांगायलाच हवं, पण एक पुरावा काढून घेतला तर भीती दुसरा शोधते.

---

जुनंपोस्टकार्ड | मंगळवार, रात्री १०:१०

अवांतर, पण जवळचं. आमच्या लहानपणी पोस्टकार्ड यायची, देवाच्या नावाने. इतक्या प्रती काढून वाटा, अमक्याने वाटल्या त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याचा मुलगा गेला. पुढे झेरॉक्स आली तशा छापील पत्रिका आल्या. 'सर्व ग्रुपवर पाठवा' हे त्याच घराण्यातलं वाटतं. अमेरिकेत ॲलन डंडीस आणि कार्ल पॅग्टर या अभ्यासकांनी १९७५ मध्येच ऑफिसांत झेरॉक्सवर फिरणारे विनोद आणि पत्रकं गोळा करून म्हटलं होतं, की हे कागदावरचं असलं तरी लोकसाहित्यच आहे. आईने जपून ठेवलेली काही कार्डं माझ्याकडे आहेत, हवी तर स्कॅन करून देतो.

---

करवंद | मंगळवार, रात्री १०:२२

हवीत! पत्ते आणि नावं झाकून पाठवा. पोस्टाचा शिक्का मात्र दिसू द्या.

---

ठाणेअंमलदार | बुधवार, सकाळी ८:३०

पोलीस खात्यातून निवृत्त झालोय. दोन गोष्टी सांगतो.

जमाव जमला की पहिली काही मिनिटं हातात असतात. त्या वेळात गावातलं एखादं वजनदार माणूस मध्ये उभं राहिलं तर जीव वाचतो. पोलीसपाटील, शाळेचे गुरुजी, किराणा दुकानदार, कुणीही. नंतर गणवेश घालून गेलात तरी उपयोग होत नाही. २८ जून २०१८ ला, म्हणजे राईनपाड्याच्या तीनच दिवस आधी, त्रिपुरात सरकारने अफवांविरुद्ध दवंडी द्यायला एक माणूस नेमला होता. गाडीवर लाउडस्पीकर लावून तो गावोगाव फिरत होता. लोकांनी त्यालाच पोरं पळवणारा समजून मारला. १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टाने जमावहत्या रोखण्यासाठी निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. कागद झाला. गावात ती पहिली मिनिटं कोण सांभाळणार, हा प्रश्न तसाच आहे.

दुसरं. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला वरचे लोक सांगायचे, गावाबाहेर पालं पडली की आधी तिकडे बघून या. चोरी झाली की पहिला हात तिकडेच. ब्रिटिशांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला, पण या सगळ्या जमातींवर बसलेला शिक्का खात्याच्या डोक्यातून गेला नव्हता. गावाने तो संशय आमच्याकडून पण शिकला असणार.

---

डौर | बुधवार, दुपारी ३:१५

मी नाथपंथी डवरी गोसावी. इथे नेहमी वाचतो, आज पहिल्यांदा लिहितोय.

अंमलदार साहेब, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. एक दुरुस्ती करतो, राग नसावा. आमचा समाज भटक्या जमातींत आहे, विमुक्तांत, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींत, नाही. आमच्यावर तो १८७१ चा शिक्का कागदावर नव्हता. पण बघणाऱ्याला पारधी कोण, डवरी कोण, बहुरूपी कोण काय कळतंय? डोक्याला फेटा, खांद्याला झोळी, बोली जरा वेगळी, की झालं. ज्याच्यावर शिक्का नव्हता त्यालाही तो लागला.

माझे आजोबा डौर वाजवत नाथाची गाणी म्हणत फिरायचे. ठरलेल्या गावात ठरलेल्या महिन्यात जायचे आणि गाव वाट बघायचं. सुगी झाली की सुपात धान्य घालायच्या बाया, आणि लेकराला आजोबांच्या पायावर घालायच्या, अंगारा लावा म्हणून. म्हणजे लेकराला हात लावणं हेच आमचं काम होतं. आता ती गावं राहिली नाहीत. लोक कामाला शहरात, नवीन सून आम्हाला ओळखत नाही. ओळख तुटली, झोळी तेवढी उरली. आणि झोळीवाल्याची गोष्ट तुमच्या सगळ्यांच्या घरात आधीपासून आहे. "जेव, नाही तर झोळीत घालून नेईल." ती आमच्याकडे बोट दाखवूनच सांगतात. आम्ही दारात उभे असताना ऐकलेली आहे.

२०१८ नंतर आमच्या माणसांकडे एक पिशवी असते. तिच्यात आधार कार्ड, तहसीलदाराचा दाखला, गावच्या सरपंचाचं पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या, पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये. मुक्कामाच्या गावी पोचलं की आधी ठाण्यात जाऊन नोंद द्यायची. माझ्या चुलत्याची पिशवी मी बघितली. घडीवर कागद फाटत आलाय, इतक्या वेळा काढून दाखवलाय. राईनपाड्यात मारलेल्या माणसांकडेही ओळखीचे कागद होते असं आमच्यात सांगतात. कागद बघायला समोरचा थांबला पाहिजे.

करवंद ताई, तुम्ही गोष्टी गोळा करताय. आमच्याकडेही गोष्ट आहे. आमच्या बायका लेकरांना सांगतात, "त्या वस्तीकडे एकटा जाऊ नको, तिथले लोक धरून मारतात." ही तुमच्या वहीत बसते का?

---

करवंद | बुधवार, दुपारी ४:४०

दादा, बसते, आणि तिला पहिलं पान द्यायला हवं. आजवर मी ही गोष्ट गावाच्या ओट्यावर बसून ऐकत आले. पालात बसून ऐकलेली एकही नोंद माझ्याकडे नाही आणि या विषयावर मी जे वाचलंय त्यातही ती फार थोडी आहे. तुमच्या घरच्यांची तयारी असेल तर मला येऊन ऐकायचंय. त्यांना नको असेल तिथे मी रेकॉर्ड करणार नाही, आणि लिहिलेलं छापण्याआधी त्यांना वाचून दाखवीन.

'ओळख तुटली, झोळी तेवढी उरली' असं तुम्ही म्हणालात. आसामातही असंच दिसतं. लेकरं पळवणारा 'खोपाधरा' तिथल्या घराघरांत मुलांना धाक दाखवायला होता. जून २०१८ मध्ये कार्बी आंगलाँगमध्ये धबधबा बघायला गेलेल्या दोन तरुणांना लोकांनी तो समजून मारलं. मुलाला जेवू घालताना सांगितलेली गोष्ट मोठेपणी कुठे जाऊन बसते, यावर आपल्याकडे काम व्हायला हवं.

---

शंकासूर | बुधवार, रात्री ९:००

डौर, वाचलं. दोनदा वाचलं. गरिबाच्या भीतीची बाजू मी घेतली होती, ती अजूनही घेतो. पण भीती दोन्हीकडच्या गरिबांना आहे. मग करायचं काय? अभ्यासाने काही हाताला लागत असेल तर ते सांगा. उद्या आमच्या वाडीत मेसेज आला तर?

---

बाईंचा_वर्ग | गुरुवार, सकाळी ६:५५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. कालच पालकांच्या ग्रुपवर मेसेज आलाय, म्हणून हा धागा सगळा वाचून काढला. उत्तर म्हणून हे लिहिलंय, पाठवू का सांगा :

"पालकहो, आपल्या भागात मुले पळवणारी टोळी आली आहे, ती साडी विकायच्या बहाण्याने येते, असा मेसेज फिरत आहे. ही अफवा आहे. कृपया विश्वास ठेवू नये."

---

करवंद | गुरुवार, सकाळी ७:२०

बाई, तुमचा हेतू उत्तम आहे, पण हा पाठवू नका. यात अफवा संपूर्ण आली आहे आणि खंडन दोन शब्दांत. घाईत वाचणाऱ्याच्या लक्षात टोळी आणि साडी राहील. खरं आहे ते आधी सांगा, अफवेचा तपशील देऊ नका आणि काय करायचं ते सांगा. असं काही :

"आपल्या शाळेतली सर्व मुले सुखरूप आहेत. ठाण्यात चौकशी केली. आपल्या भागात मूल हरवल्याची नोंद नाही. (हे आधी खरोखर विचारून घ्या, आणि ज्यांनी सांगितलं त्या अंमलदारांचं नाव घाला.) सध्या फिरणाऱ्या मेसेजमध्ये मुलाचे नाव, गाव, तक्रार काहीच नाही. कुणाला शंका आली तर ११२ वर फोन करा. मुलांबाबत मदतीसाठी १०९८ आहे. कुणालाही अडवू नका, हात लावू नका."

शंकासूर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आत्ता एवढंच उत्तर आहे. आणि अंमलदार साहेबांचं म्हणणं : वाडीत मध्ये उभं कोण राहणार ते आधी ठरवून ठेवा.

---

बाईंचा_वर्ग | गुरुवार, दुपारी १:४५

ठाण्यात विचारलं, नोंद नाही. अंमलदारांच्या नावासकट मेसेज पाठवला. सरपंचांनी आणि आशाताईंनी त्यालाच दुजोरा दिला, त्याचा फरक पडला. आता एक आई विचारतेय, "बाई, हात लावू नका म्हणता, पण दारात अनोळखी माणूस आला तर बोलायचं तरी काय त्याच्याशी?" डौर दादा, हे तुम्हीच सांगा.

---

डौर | गुरुवार, सायंकाळी ६:१०

नाव विचारा, गाव विचारा, मुक्काम कुठे पडलाय विचारा. आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट कुणी विचारलं की बरं वाटतं. पाणी दिलंत तर घेतो. भिक्षा द्यायची नसेल तर "पुढे जा बाबा" म्हणा, जातो. खात्री करायची असेल तर ठाण्यात फोन करून आमच्या मुक्कामाची नोंद आहे का विचारा, आम्ही तेवढा वेळ ओट्यावर बसतो. घोळका करू नका. आणि आमचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. तो पुढच्या गावात आमच्या आधी पोचतो.